गांबियाचा काय संबंध?

रेवती_कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. नववीच्या राज्यशास्त्रात 'आंतरराष्ट्रीय समस्या' असा धडा आहे. त्यात मानवी हक्क येतात, निर्वासित येतात. दरवर्षी मी व्याख्या फळ्यावर लिहायचे, पोरं वहीत उतरवायची आणि तास संपायचा. यंदा म्हटलं, एक खरी गोष्ट सांगू या.

गोष्ट अशी. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून ७ लाखांहून जास्त रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून आले. गावंच्या गावं जाळली गेली होती. जगभरातून निषेधाची पत्रकं निघाली, ठराव झाले. पण म्यानमारला न्यायालयात खेचलं ते गांबियानं. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज दाखल झाला, १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराखाली.

नकाशावर गांबिया दाखवायला मला वर्गात दोन मिनिटं लागली. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला समुद्र आणि मधून नदी. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात लहान देश. क्षेत्रफळ आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडंसंच जास्त, आणि लोकसंख्या साताऱ्याहूनही कमी, सुमारे २५ लाख. म्यानमारपासून हजारो किलोमीटर लांब. डिसेंबर २०१९ मध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा बांगलादेशातल्या छावण्यांत लोक "गांबिया, गांबिया" अशा घोषणा देत होते. त्यातल्या बहुतेकांनी तो देश कधी पाहिलेला नाही.

एवढं सांगून मी थांबले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला आणि म्हणाला, "बाई, पण त्यांचा काय संबंध?"

वर्ग हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, उद्या सांगते. खरं सांगायचं तर मला नीट सांगता आलं नसतं. माझ्या मनाला वाटतं की माणूस मारला जातोय म्हटल्यावर संबंध विचारायचाच नसतो. पण चौदा वर्षांच्या मुलाला हे उत्तर पुरत नाही, आणि पुरू नयेही. १२ जानेवारी २०२६ पासून या खटल्याची मुख्य सुनावणी लागली, म्हणून विषय ताजा आहे. तुम्ही काय सांगितलं असतंत?

वाचनवेडा

वाचतोय. चांगला विषय. त्या मुलाला शाबासकी द्या.

काळाकोट

रेवतीताई, तुमच्या विद्यार्थ्यानं विचारलेला प्रश्न म्यानमारच्या वकिलांनी हेगमध्ये जसाच्या तसा विचारला होता. गांबियाच्या नागरिकाला काही झालेलं नाही, गांबियाची जमीन गेली नाही, पैसा बुडाला नाही, मग दावा लावायचा अधिकार कुठून आला? आमच्या धंद्यात याला दावा लावण्याचा हक्क म्हणतात. साध्या दिवाणी कोर्टातही हा आक्षेप पहिला येतो.

एकेकाळी या आक्षेपावर अशी प्रकरणं मरायची. १९६० साली इथिओपिया आणि लायबेरिया यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध दावा लावला. आजच्या नामिबियात दक्षिण आफ्रिकेनं वर्णभेद लादला होता, त्यावर. सहा वर्षं चालला. १९६६ साली न्यायाधीशांत ७-७ अशी समान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल गेला की या दोन देशांचा या बाबतीत कायदेशीर हितसंबंध सिद्ध होत नाही. म्हणजे तुमचा काय संबंध, घरी जा.

पुढं वारं हळूहळू फिरलं. २०१२ मध्ये बेल्जियम विरुद्ध सेनेगल या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की छळविरोधी करारावर सही केलेल्या प्रत्येक देशाला, दुसरा सहीदार तो पाळतो की नाही हे विचारायचा हक्क आहे. आणि २२ जुलै २०२२ रोजी गांबियाच्या प्रकरणात म्यानमारचे सगळे प्राथमिक आक्षेप फेटाळले गेले. दावा लावण्याच्या हक्काचा मुद्दा १५ विरुद्ध १ मतांनी. चिनी न्यायाधीश एकट्या विरोधात होत्या.

त्यामुळे मुलाला थेट सांगा. १९४८ चा करार म्हणजे गावानं मिळून घेतलेली शपथ आहे. शपथ घेणाऱ्यांपैकी एकानं ती मोडली, तर शपथेतला कुणीही उठून बोलू शकतो. ज्याचं घर जळलं त्यानंच बोलावं अशी अट नाही. जळलेल्या घरातल्या माणसाला तर म्यानमारनं १९८२ च्या कायद्यानं नागरिकच मानलेलं नाही. त्याच्या वतीनं हेगला कोण जाणार? तिथं फक्त देश उभे राहू शकतात.

रेवती_कृष्णाकाठ

काळाकोट, गावाच्या शपथेचा दाखला मी उचलणार. आभार.

सह्यकडा

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

गांबिया एकटा उठला नव्हता. मागं ५७ देशांची इस्लामी सहकार्य संघटना होती. तिनंच पुढाकार घ्यायला सांगितलं, खर्चाचा भार तिनं उचलायचं ठरवलं, वकील अमेरिकन आणि ब्रिटिश. हीच संघटना चीनमधल्या उइगुर मुसलमानांबद्दल चीनसमोर मूग गिळून बसते. मग याला मानवी हक्कांची बांधिलकी म्हणायचं की धर्मबंधुत्व? आणि ज्या देशानं ऑक्टोबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातून (हे व्यक्तींवर खटले चालवणारं वेगळं न्यायालय) बाहेर पडायची घोषणा केली, तो तीन वर्षांत मानवी हक्कांचा कैवारी कसा झाला?

मुलांना गोष्ट सांगा, पण पूर्ण सांगा. अर्धी गोष्ट ऐकून वाढलेली मुलं पुढं कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

काळाकोट

सह्यकडा, संघटनेचा मुद्दा म्यानमारनंही काढला होता, की खरा दावेदार पडद्यामागं आहे. न्यायालयाचं उत्तर असं की, दाव्यावर सही गांबियाची आहे, मागं कोणाचा पाठिंबा आहे यानं हक्क जात नाही. पण तुमचा प्रश्न कायद्याचा नाही, हेतूचा आहे, हे कबूल.

काजूगर

या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी मूळचा वेंगुर्ल्याचा. कच्च्या काजूच्या खरेदीसाठी तीन वर्षं गांबियात होतो, सेरेकुंडाला. आपल्याकडचे कारखाने पश्चिम आफ्रिकेतली काजू बी घेतात हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे.

सह्यकडा, २०१६ आणि २०१९ हे दोन वेगळे गांबिया होते. मी मधल्या दिवसांत तिथं होतो, म्हणून सांगतो.

याह्या जामेह जुलै १९९४ च्या लष्करी बंडातून आला. बावीस वर्षं तोच. आमच्या गोदामावर एक वयस्क वॉचमन होता. तो संध्याकाळी अंगणात कोळशावर छोटी किटली ठेवून अटाया करायचा. अटाया म्हणजे हिरवा चहा, भरपूर साखर घालून, एका छोट्या पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत राहायचा, वर फेस धरेपर्यंत. तीन फेऱ्या होतात आणि त्यात तासभर सहज जातो. तासभर गप्पा. पण रस्त्यावरून अनोळखी माणूस गेला की हा बोलता बोलता थांबायचा, पेला हातात तसाच. माणूस कोपऱ्यावर वळला की पुढचा शब्द. मला पहिले दोन महिने वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागतो.

१ डिसेंबर २०१६ ला निवडणूक झाली. तिथं मत कागदावर देत नाहीत. प्रत्येक उमेदवाराचं रंगवलेलं पत्र्याचं पिंप असतं, वर त्याचा फोटो. मतदाराला काचेची एक गोटी देतात. पिंपाच्या नळीतून गोटी आत टाकायची, आत घंटेवर आपटून टिंग असा आवाज येतो. आवाज एकदाच आला पाहिजे. दोनदा आला तर अधिकारी समजतात की लबाडी झाली. घोटाळा नको म्हणून त्या दिवशी केंद्राजवळ सायकल न्यायला मनाई असते. शिक्षण कमी होतं त्या काळात, १९६० च्या दशकात, ही पद्धत आली, आणि अजून आहे. मोजताना भोकं पाडलेल्या ट्रेमध्ये गोट्या ओततात, भोकं भरली की आकडा कळला.

मी परदेशी, आत जायचा प्रश्न नव्हता. शाळेच्या फाटकाबाहेर उभा होतो. आतून मधूनमधून टिंग, टिंग ऐकू यायचं. वॉचमन मत देऊन बाहेर आला आणि त्यानं मला उजवी मूठ उघडून दाखवली. रिकामी. काही बोलला नाही.

जामेह हरला. दुसऱ्या दिवशी त्यानं फोनवर हार मान्य केली आणि आठवड्यानं फिरला, निकाल मान्य नाही म्हणाला. मग दीड महिना देश श्वास रोखून होता. हजारो लोक बायकापोरं घेऊन सेनेगलकडे निघाले. नव्या अध्यक्षांचा, अदामा बॅरो यांचा शपथविधी १९ जानेवारी २०१७ ला डाकारमधल्या वकिलातीत झाला, स्वतःच्या देशात नव्हे. शेजारी देशांचं सैन्य सीमा ओलांडून आलं तेव्हा २१ जानेवारीला जामेह विमानात बसला.

म्हणजे बघा. शेजाऱ्यांनी "आमचा काय संबंध" म्हटलं असतं तर तो आजही तिथंच असता. गांबियाच्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

पाटीपेन्सिल

काजूगर, सुरेख लिहिलंत. आमच्या लहानपणी गोट्या खेळलो म्हणून वडलांचा मार खाल्ला. अख्खं सरकार गोट्यांवर बदलतं हे तेव्हा ठाऊक असतं तर बाजू तरी मांडता आली असती!

थिबापॅलेस_रत्नागिरी

थोडं अवांतर. रत्नागिरीकरांना ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, परका नाही. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, रत्नागिरीत ठेवलं. समुद्राकडे तोंड करून त्याचा राजवाडा अजून उभा आहे. लहानपणी सहलीला गेलो की गाईड सांगायचा, राजा इथं उभा राहून बोटी बघायचा. घरी परत जायची वाट बंद झालेला माणूस कसा दिसत असेल, हा विचार मला पहिल्यांदा तिथं आला. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावणीचे फोटो बघताना तोच विचार येतो. तिथं राजा नाही, एवढाच फरक.

वाचनवेडा

थिबापॅलेस, असं अवांतर रोज चालेल.

सह्यकडा

काजूगर, तुमचा अनुभव वाचून माझं मत थोडं हललं, हे मोकळेपणानं सांगतो. फौजदारी न्यायालयातून बाहेर पडायची घोषणा जामेहची होती आणि बॅरो सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये ती मागं घेतली, हेही तपासलं. ती माझी चूक.

पण दोन गोष्टी उरतात. पहिली, खटल्यामागं खरी तळमळ होती ती तेव्हाचे कायदामंत्री अबुबकर तांबादू यांची. एका माणसाची तळमळ म्हणजे देशाची बांधिलकी होत नाही. दुसरी, घरात काय चाललंय? २०२१ च्या निवडणुकीआधी बॅरो यांनी जामेहच्याच पक्षाशी हातमिळवणी केली. मुलींच्या खतनेवर २०१५ पासून बंदी आहे, ती उठवायचं विधेयक २०२४ मध्ये संसदेत आलं. आधी घर झाडा की.

रेवती_कृष्णाकाठ

सह्यकडा, ते विधेयक जुलै २०२४ मध्ये फेटाळलं गेलं. आणि ते आपोआप पडलं नाही. तिथल्या बायका संसदेबाहेर उभ्या राहिल्या होत्या, ज्यांच्यावर हे लहानपणी झालं त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं. मी बाई आहे, मला कळतं की असं बोलायला काय लागतं.

घर पूर्ण झाडून झाल्यावरच शेजारच्या आगीकडे जायचं ठरवलं तर आग विझवायला कोणीच जाणार नाही. माझ्या घरात तरी कधी पूर्ण झाडून होत नाही.

तांबादूंबद्दल मात्र कोणीतरी सविस्तर लिहा. मला वर्गात सांगायचं आहे.

काळाकोट

मी लिहितो. तांबादू मूळचे वकील. रवांडातल्या १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवायला टांझानियात अरुशाला जे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण होतं, तिथं ते अभियोग पक्षाकडे बरीच वर्षं होते. म्हणजे रोजचं काम काय, तर साक्षीदारांचे जबाब. कोणाला कुठं गोळा केलं, कोणी याद्या केल्या, कोणी कोयते वाटले.

जामेह गेल्यावर ते मायदेशी कायदामंत्री झाले. मे २०१८ मध्ये ढाक्याला इस्लामी सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती. गांबियाच्या परराष्ट्रमंत्र्यांना जमलं नाही म्हणून हे गेले. तिथून प्रतिनिधींना कॉक्स बाजारच्या छावण्या दाखवायला नेलं. इतर मंत्र्यांनी तिथं निर्वासितांच्या हालअपेष्टा पाहिल्या. यांनी जबाब ऐकले, आणि ते रवांडाच्या जबाबांसारखे निघाले. त्यांनी नंतर अनेकदा सांगितलंय की रवांडाचा अनुभव नसता तर छावणीत काय ऐकतोय ते त्यांना इतकं स्पष्ट कळलं नसतं.

म्हणून सह्यकडांना नम्रपणे म्हणेन की, सुरुवात एका माणसानं केली हे खरं. पण तांबादूंनी २०२० मध्ये मंत्रिपद सोडलं. खटला थांबला नाही. नवे मंत्री आले, अर्ज-प्रतिअर्ज झाले, प्राथमिक आक्षेप पार पडले, मग मुख्य सुनावणी. ज्याला फोटो काढून घ्यायचा असतो तो इतकी वर्षं थांबत नाही.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत हानोफरला राहते. वरच्या चर्चेत एक बाजू राहिली.

आमच्यापासून जवळच सेले नावाचं जुनं गाव आहे, लाकडी चौकटींच्या घरांचं. तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी गांबियाच्या एका माणसाला जन्मठेप झाली. जामेहच्या 'जंगलर्स' नावाच्या मारेकरी पथकाचा तो ड्रायव्हर. गुन्ह्यांत पत्रकार देदा हैदरा यांचा खूनही होता. बांजुलच्या 'द पॉइंट' वृत्तपत्राचे ते सहसंस्थापक, १६ डिसेंबर २००४ ला गाडी चालवत घरी जाताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. पुढं मे २०२४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जामेहच्या माजी गृहमंत्र्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

खून गांबियात, मरणारा गांबियाचा, मारणारा गांबियाचा, आणि निकाल जर्मनीच्या एका लहान गावात. जर्मनीचा काय संबंध? तरीही ज्यांची माणसं गेली त्यांना न्याय तिथं मिळाला.

गांबियानं स्वतःही सत्यशोधन आयोग नेमला. २०१९ पासून जवळजवळ ४०० साक्षी झाल्या, टीव्हीवर आणि यूट्यूबवर थेट. मी काही ऐकल्या आहेत. पथकातला एकजण अगदी सपाट आवाजात सांगत होता की कोणाला कसं मारलं. टॅक्सीत, दुकानांत, बाजारात रेडिओवर लोक हे ऐकत होते. ज्या वर्षी त्यांनी म्यानमारवर खटला भरला त्याच वर्षी ते स्वतःचं घरही असं उघडं करत होते. रेवतीताई, "घर झाडा"चं उत्तर मला यात दिसतं.

पाटीपेन्सिल

ऱ्हाइनकाठी, +१. हे माहीत नव्हतं.

औषधी_गुळवेल

मी चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली. गांबिया म्हटलं की मला हेग आठवत नाही. मला खोकल्याचं औषध आठवतं.

५ ऑक्टोबर २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं इशारा दिला की गांबियात लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली, आणि त्यांना दिलेल्या ४ सिरपांत डायइथिलीन ग्लायकॉल आणि इथिलीन ग्लायकॉल सापडलं. आकडा पुढं ७० च्या आसपास गेला. सिरप आपल्या देशातून गेलेलं, हरियाणातल्या एका कंपनीचं. आपल्या सरकारनं म्हटलं की इथं ठेवलेल्या नमुन्यांत दोष आढळला नाही. तिकडं मुलांच्या आईबापांनी तिथल्या उच्च न्यायालयात दावा लावला.

डायइथिलीन ग्लायकॉल मोटारीच्या कूलंटमध्ये, कारखान्यात वापरतात. ते दिसायला ग्लिसरीनसारखंच, दाट, चिकट, गोडसर. आणि स्वस्त. म्हणून ते औषधात शिरतं, भेसळीनं नाहीतर हलगर्जीपणानं. मुलाला आधी उलट्या होतात, मग लघवी बंद. आईला वाटतं ताप उतरतोय म्हणून गप्प पडलाय.

मुंबईकरांना आठवत असेल, १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच विषानं १४ रुग्ण गेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्याचा अहवाल आला, आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. तेव्हा दुकानात मी ग्लिसरीनची बाटली हातात घेऊन उजेडात धरायचो. माहीत होतं की डोळ्यांना काही कळणार नाही, तरी धरायचो. आणि २०२५ मध्ये पुन्हा छिंदवाड्याची पोरं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, तेच विष.

म्हणून म्हणतो, गांबियाचा रोहिंग्यांशी काय संबंध हे विचारताना आपला गांबियाशी काय संबंध हेही मुलांना सांगा.

घाटमाथा

काका, दुःख समजतं, पण धागा आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांचा आहे. सिरप हा औषध नियंत्रणाचा विषय. विषयांतर होतंय.

औषधी_गुळवेल

घाटमाथा, जगण्याचा हक्क हा यादीतला पहिला हक्क. एका देशात बनलेल्या बाटलीनं दुसऱ्या देशातलं मूल जातं, त्याला आंतरराष्ट्रीय नाही म्हणायचं तर कशाला? लहान देशाकडे बाटली तपासायला प्रयोगशाळाही नव्हती, नमुने बाहेर पाठवावे लागले. २०२३ च्या जुलैपासून गांबियानं भारतातून येणारं प्रत्येक औषध जहाजावर चढण्याआधी तपासायची सक्ती केली. आपणही जून २०२३ पासून निर्यातीच्या सिरपाला चाचणी सक्तीची केली. त्यांच्या लेकरांच्या जिवावर आपण शिकलो. ही गोष्ट मी विसरणार नाही.

काजूगर

गुळवेलकाका, मी तेव्हा परत आलो होतो. वॉचमनला फोन केला. म्हणाला, त्यांच्या गल्लीतलं एक घर. पुढं बोलला नाही. मीही विचारलं नाही.

घाटमाथा

काका, माझा शब्द मागे घेतो.

नीलमोहर

लहान देशांचं म्हणाल तर गांबिया एकटा नाही. सीरियातल्या गुन्ह्यांचे पुरावे जपणारी यंत्रणा संयुक्त राष्ट्रांत उभी राहिली ती लिख्टेनश्टाइननं पुढं केलेल्या ठरावामुळे, डिसेंबर २०१६, १०५ मतांनी. सुरक्षा परिषद नकाराधिकारामुळे अडली होती, म्हणून त्यांनी आमसभेचा रस्ता धरला. हवामान बदलाबाबत देशांची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये सांगितलं, त्यामागं वानुआतू होता, आणि त्याच्याही मागं प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे कायद्याचे विद्यार्थी.

मोठ्या देशांना व्यापार, शस्त्रं, सीमा सांभाळायच्या असतात. लहान देशाचा आधार कायदाच. तो मोडला तर पहिला बळी आपणच, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

सह्यकडा

नीलमोहर, हा मुद्दा पटला. स्वार्थ आहे, पण चांगल्या जातीचा.

शेवटचं विचारतो, मनापासून. फरक काय पडला? जानेवारी २०२० मध्ये अंतरिम आदेश निघाला, आज रोहिंग्या छावणीतच आहेत. न्यायालयाकडे पोलीस नाहीत.

काळाकोट

नाहीत. हे मी लपवणार नाही. २३ जानेवारी २०२० चा आदेश एकमतानं झाला. रोहिंग्यांना संरक्षण द्या, पुरावे नष्ट करू नका, आणि दर सहा महिन्यांनी काय केलं ते कळवा. वर्षभरानं, १ फेब्रुवारी २०२१ ला, म्यानमारमध्ये लष्करानं सत्ता घेतली. ज्या आंग सान सू ची हेगमध्ये देशाची बाजू मांडायला स्वतः उभ्या राहिल्या होत्या, त्या तुरुंगात गेल्या. त्यांचं १९९१ चं शांततेचं नोबेल आमच्या पिढीला तोंडपाठ होतं, घरात फोटो होते. म्यानमारच्या बाकावर बसून गावांच्या जाळपोळीची वर्णनं ऐकताना त्यांचा चेहरा हलला नव्हता. ते दृश्य मला अजून खुपतं.

पण निकाल उशिरा काम करतात. वर मी बेल्जियम-सेनेगलचा उल्लेख केला. तो चाडचा हुकूमशहा इसेन आब्रे याच्यावरून होता. २०१२ च्या निकालानंतर ४ वर्षांनी त्याच डाकार शहरात त्याला जन्मठेप झाली. ज्या बायकांनी २५ वर्षं पाठपुरावा केला होता, त्या कोर्टात हजर होत्या.

आणखी एक, आपल्या घरचं. भारतानं हा वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, पण अट घातली की आमच्या संमतीशिवाय आमच्यावर खटला चालणार नाही. म्यानमारनं करारातल्या खटल्याच्या कलमाला अशी अट घातली नव्हती, म्हणून गांबियाला दार उघडं मिळालं. शाळेत हेही सांगायला हरकत नाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेणारा देश आपलाच होता. तेव्हाही समोरच्यानं हेच म्हटलं होतं, हा आमच्या घरातला मामला आहे.

रेवती_कृष्णाकाठ

मंडळी, आज तास झाला. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लिहिते.

काजूगरांची पद्धत वापरली. तेलाचे दोन रिकामे डबे, झाकणाला भोक, आत सायकलची घंटा तारेनं टांगलेली. ती बसवायलाच अर्धा तास गेला, प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी मदत केली. एका डब्यावर लिहिलं 'गांबियाचा संबंध आहे', दुसऱ्यावर 'नाही'. गोष्ट पूर्ण सांगितली. सह्यकडांचे आक्षेप सांगितले, संघटनेचा पैसा सांगितला, खतना विधेयक सांगताना मुली मान खाली घालून ऐकत होत्या, तेही सांगितलं. सेले सांगितलं. मग एकेकाला गोटी दिली. ५२ मुलं. वर्गात एरवी इतकी शांतता परीक्षेतही नसते. टिंग. पुढचा. टिंग. एकदा दोन आवाज आले, तेव्हा सगळा वर्ग ओरडला.

४१ 'आहे', ११ 'नाही'. 'नाही'वाल्यांनाही बोलायला लावलं. एक मुलगी म्हणाली, आपल्या गावात धरणात उठलेल्या माणसांना अजून जमीन मिळाली नाही, त्यांच्यासाठी कोणी बाहेरचं आलं नाही, मग आपण का जायचं. मला तिला काही बोलता आलं नाही. मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं.

शेवटी गुळवेलकाकांचं सिरप सांगितलं. प्रश्न विचारणारा मुलगा गोट्या मोजायला पुढं होता. मुठीत गोट्या घेऊन तो म्हणाला, "मग बाई, त्या पोरांसाठी आपल्यावर खटला कोणी भरायचा?"

घंटा झाली. मी पुन्हा म्हटलं, उद्या सांगते.

काळाकोट

ताई, पुढच्या शनिवारी मला कोर्ट नाही. शाळेचा पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, मी येतो. धरणग्रस्तांवर बोललेल्या मुलीच्या घरच्यांकडे पुनर्वसनाचे कागद असतील तर ते घेऊन यायला सांगा.

औषधी_गुळवेल

मीही येईन. कराडपर्यंत एसटी आहे, पुढचं बघू.